मुळा-मुठेचा काठ आणि पुलांची नावे : पुणे महानगरपालिकेस खुले पत्र

प्रति,
मा. महापौर, मा. आयुक्त आणि सर्व सन्माननीय सभासद,
पुणे महानगरपालिका, पुणे.

विषय : येरवडा-कल्याणीनगर येथील डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्याचा परिसर राखण्यात, तसेच नदीवरील नव्या पुलांच्या नामकरणात, नागरिकांना निर्णयाचा वाटा मिळण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मागच्या सभागृहाची मुदत 14 मार्च 2022 रोजी संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे पुण्याचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. मुळा-मुठेच्या काठाचे रूप कायमचे बदलून टाकणारी कामे याच काळात पुढे सरकली. त्या कामांवर सभागृहात खुली चर्चा व्हावी, आपल्या भागाच्या नगरसेवकाने उभे राहून प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात नोंदली जावीत, एवढीही सोय त्या काळात नागरिकांना नव्हती. जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर सभागृह पुन्हा अस्तित्वात आले आहे, म्हणून हे पत्र आपणांस लिहीत आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण असे की ज्या काठाविषयी ते आहे, तो काठ कोणा एका खात्याचा नाही, आणि त्याची जबाबदारी घ्यायला तयार असलेल्या प्रत्येक पुणेकराने हे वाचावे अशी माझी इच्छा आहे.

माझे म्हणणे एकच आहे. नदीकाठचा नैसर्गिक पट्टा कसा राखायचा आणि नदीवरच्या पुलाला कोणते नाव द्यायचे, हे दोन्ही निर्णय त्या काठाशी रोजचा संबंध असलेल्या माणसांना बरोबर घेऊन व्हावेत, आणि ते आराखडा कागदावर उतरण्यापूर्वी व्हावेत. सगळे ठरून गेल्यावर वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात हरकती-सूचनांची जाहिरात देणे याला मी सहभाग मानू शकत नाही.

मी येरवड्यात राहते. शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. पाठ्यपुस्तकातली अन्नसाखळी मुलांना प्रत्यक्ष दाखवायची तर आमच्याकडे सर्वांत जवळची आणि बिनखर्चाची प्रयोगशाळा म्हणजे बंडगार्डनच्या बंधाऱ्याखालचा नदीचा डावा काठ होता. तिथे पाहिलेल्या पक्ष्यांच्या नोंदवह्या मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी सांभाळून ठेवल्या आहेत. त्यातले काही विद्यार्थी आता आपल्या मुलांना घेऊन तिथे येतात. या काठावर माझी मालमत्ता नाही आणि कोणत्याही पक्षाशी माझा संबंध नाही. जिथे मी मुलांना निरीक्षण करायला शिकवले, ती जागा त्यांच्या मुलांनाही शिकवण्याजोगी राहावी, हा माझा स्वार्थ आहे आणि तो मी लपवत नाही.

हा पट्टा काय आहे हे आपल्यापैकी ज्यांनी तो पायी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते, कारण आराखड्याच्या नकाशावर तो केवळ रिकाम्या हिरव्या रंगात दिसतो. संगमापाशी मुळा आणि मुठा एकत्र येतात, बंडगार्डनच्या बंधाऱ्यापाशी पाणी थोडे थांबते आणि तिथून पुढे नदी रुंद व उथळ होते. उथळ पाणी, गाळाचे किनारे, पाणकणसाची बेटे, मध्येच उघडे पडणारे खडक आणि काठावरची करंज, उंबर, बाभूळ, वाळुंज अशी झाडे असे पाच-सहा प्रकारचे अधिवास थोड्या अंतरात एकमेकांना लागून इथे आढळतात. त्यामुळेच इथे इतक्या वेगवेगळ्या सवयींचे पक्षी येतात. हिवाळ्यात चक्रवाक आणि थापट्या बदके उतरतात. हळदी-कुंकू बदके, शेकाटे, राखी बगळे, वंचक, पाणकावळे आणि टिटव्या वर्षाचा मोठा भाग इथेच असतात. नदीसुरय पाण्यावरून फेऱ्या मारताना दिसतो. शहराच्या मध्यावर, विमानतळाच्या इतक्या जवळ, चहूबाजूंनी उंच इमारती उभ्या राहिलेल्या असताना हे टिकून आहे.

प्रत्येक पक्ष्याचे या जागेशी नाते वेगळे आहे आणि काठ राखायचा म्हणजे ती नाती जाणून घ्यायची. खंड्या आणि वेडा राघू झाडावर घरटे करत नाहीत. नदीच्या मातीच्या उभ्या दरडीत ते बीळ कोरतात आणि त्यात अंडी घालतात. त्या दरडीला एकसारखा उतार देऊन वर दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचे अस्तर, केले, की दिसायला काठ नीटनेटका होतो, पण खंड्याला पुढच्या उन्हाळ्यात घर उरत नाही. टिटवी आणि शेकाटा उघड्या जमिनीवर, खडे आणि वाळलेल्या गवताच्या आधाराने अंडी घालतात, तीही नेमकी उन्हाळ्यात, जेव्हा पावसाळ्यापूर्वीची साफसफाई म्हणून जेसीबी नदीत उतरवले जातात. जांभळ्या पाणकोंबडीला पाणकणसाची दाटी लागते, म्हणून सरसकट सगळी वनस्पती 'कचरा' समजून काढून टाकली की तिचा आसरा जातो. उलट जलपर्णी मात्र वेळच्या वेळी काढलीच पाहिजे, कारण तिच्या आच्छादनाखाली पाण्यातला प्राणवायू कमी होतो. वाळुंजाची आणि करंजाची मुळे काठाची माती धरून ठेवतात. सुबाभळीने त्यांची जागा घेतली तर ती हटवावी लागते. काय काढायचे, काय ठेवायचे आणि कोणत्या महिन्यात हात लावायचा नाही, हे सांगणारी माणसे याच शहरात आहेत. पुण्याच्या नद्यांवरील पक्षिजीवनाचा प्रकाश गोळे यांच्यासारख्या पर्यावरण-अभ्यासकांनी 1980च्या दशकातच शास्त्रीय अभ्यास मांडलेला आहे. इतका अभ्यास हाताशी असलेल्या शहराने नदीकाठाचे काम फक्त स्थापत्य अभियंत्यांच्या भरवशावर सोडावे, हे मला समजण्यापलीकडचे आहे.

आता माझ्या तक्रारींकडे वळते.

पहिली तक्रार या जागेच्या दर्जाविषयी आहे. सर्व जण तिला अभयारण्य म्हणतात, रिक्षावाल्यालाही ते नाव माहीत आहे, परंतु 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ही जागा अभयारण्य म्हणून अधिसूचित झालेली नाही. याचा परिणाम काय होतो ते मेट्रोच्या वेळी दिसले. वनाज ते रामवाडी मार्ग आधी आगाखान पॅलेससमोरून जाणार होता. तो राजवाडा राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक असल्यामुळे त्याच्या सभोवतालच्या 100 मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला कायद्याने मनाई आहे, म्हणून मार्ग वळवला गेला आणि तो कल्याणीनगरच्या बाजूने, या पक्ष्यांच्या परिसराजवळून नेला गेला. महात्मा गांधी आणि कस्तुरबा यांच्या स्मृती जिथे आहेत त्या वास्तूचे संरक्षण झालेच पाहिजे होते, त्याविषयी माझ्या मनात शंका नाही. मेट्रोलाही माझा विरोध नाही. मार्च 2024 पासून ती रामवाडीपर्यंत धावते आणि मीही तिने प्रवास करते. पण त्या निर्णयाच्या वेळी एका बाजूला कायदा उभा होता आणि दुसऱ्या बाजूला केवळ काही नागरिक उभे होते. नागरिकांनी आक्षेप घेतले, दाद मागितली, तरी पक्ष्यांच्या बाजूने बोट ठेवून दाखवावे असे एकही कलम नव्हते.

यावर मार्ग आहे आणि तो महापालिकेच्या आवाक्यातला आहे. जैविक विविधता कायदा, 2002 च्या कलम 37 नुसार राज्य शासन स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून एखाद्या क्षेत्राला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित करू शकते. पुण्यातल्याच गणेशखिंड उद्यानाला 2020 मध्ये हा दर्जा मिळाला. गडचिरोलीतील आलापल्लीच्या जंगलाचा तुकडा, सिंधुदुर्गातील मायरिस्टिका या जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल, आंबोलीतील हिरण्यकेशीचे उगमस्थान, जिथे माशाची नवी जात सापडली, ही सगळी याच कलमाखाली जपली जात आहेत. मग येरवड्याच्या काठासाठी असा प्रस्ताव महापालिकेने ठराव करून शासनाकडे का पाठवू नये, हा माझा सरळ प्रश्न आहे.

दुसरी तक्रार कामांच्या क्रमाविषयी आहे. 6 मार्च 2022 रोजी, सभागृहाची मुदत संपायला आठ दिवस उरलेले असताना, माननीय पंतप्रधानांच्या हस्ते पुण्यात नदीच्या दोन प्रकल्पांचे भूमिपूजन झाले. एक होता 9 किलोमीटर काठाच्या पुनरुज्जीवनाचा, सुमारे 1080 कोटी रुपयांचा. दुसरा मलनिस्सारणाचा, सुमारे 1470 कोटी रुपयांचा, ज्यात 11 शुद्धीकरण केंद्रे आणि रोज सुमारे 40 कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करण्याची क्षमता अपेक्षित होती. दुसऱ्या प्रकल्पाला जपानच्या जायका संस्थेच्या कर्जाचे साहाय्य आहे आणि केंद्राची मंजुरी त्याला 2016 मध्येच मिळालेली होती. ज्या शहराचे सगळे सांडपाणी अजून शुद्ध होऊन नदीत जात नाही, त्या शहरात आधी पाणी आणि नंतर काठ हा क्रम असायला हवा होता. प्रत्यक्षात काठाचे भराव आणि भिंती आधी डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. बंडगार्डनच्या पुढे उभे राहिल्यावर येणाऱ्या वासाला सुशोभित काठ हे उत्तर होऊ शकत नाही. पूर्वी भोई मंडळी या पाण्यात मरळ, वाम, शिंगटा असे मासे धरत. आता जाळ्यात बहुतेक चिलापीच येतो. हेच पाणी पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि उजनीच्या जलाशयात जाते. तिथल्या गावांनी आणि भिगवणला येणाऱ्या रोहित पक्ष्यांनी पुण्याचे काय बिघडवले आहे?

याच तक्रारीचा दुसरा भाग पुराचा आहे. 2013 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने विठ्ठलवाडी ते राष्ट्रीय महामार्ग या नदीपात्रातल्या रस्त्याबाबत दिलेला निर्णय महापालिकेला नवा नाही. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे नेहमीच्या पुराचे पाणी जिथवर चढते त्या रेषेच्या, आत भराव घालून पाण्याची वाट अडवता येत नाही, हे त्या वेळी स्पष्ट झाले होते. 25 जुलै 2024 रोजी खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा लोकांना अंथरुणातून उठून जीव वाचवावा लागला. येरवड्याचा हा पट्टा नदीला पसरायला जागा देतो. पाणी चढते तेव्हा इथे झाडे आणि गवत त्याचा वेग कमी करतात आणि पाणी उतरल्यावर गाळ मागे राहतो. इथे भिंत बांधली तर ते पाणी कुठे जाईल, याचा अभ्यास नागरिकांना समजेल अशा मराठीत आणि नकाशांसह प्रसिद्ध झालेला मी पाहिलेला नाही. माहितीचा अधिकार कायद्याचे कलम 4 सांगते की अशी माहिती कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता स्वतःहून जाहीर करायची असते.

तिसरी तक्रार झाडांची आहे आणि ती मी थोडक्यात मांडते, कारण ती आपण सर्वांनी ऐकलेली आहे. एप्रिल 2023 मध्ये शेकडो पुणेकर झाडांना मिठी मारून उभे राहिले. पुढे बाणेर-औंधच्या बाजूला राम आणि मुळा नद्यांच्या संगमापाशी उरलेल्या काठच्या जंगलासाठीही लोक रस्त्यावर आले. त्यांत आजोबा होते, कडेवरची मुले होती, आयटी कंपन्यांतले तरुण होते. वृक्षतोडीसाठी मोजक्या दिवसांची नोटीस झाडाला चिकटवून हरकती मागवणे ही पद्धत एखाद्या घराच्या अंगणातल्या झाडासाठी पुरेशी असेल, पण हजारो झाडांच्या सलग पट्ट्यासाठी ती पुरेशी नाही. शिवाय राज्याच्या कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती होऊन 50 वर्षे किंवा अधिक वयाच्या झाडांना प्राचीन वृक्ष म्हणून विशेष स्थान मिळालेले आहे. या काठावरची अशी झाडे कोणती, त्यांची यादी आणि स्थाननिश्चिती नागरिकांच्या उपस्थितीत व्हायला हवी.

चौथी तक्रार मला सर्वांत जास्त बोचते. नागरिकांनी यावे, असे निमंत्रण आम्हांला मिळत नाही असे नाही. जागतिक पर्यावरण दिनाला, स्वच्छता पंधरवड्याला, प्लॅस्टिक गोळा करण्यासाठी, जलपर्णी ओढण्यासाठी, रोपे लावून छायाचित्र काढण्यासाठी आम्हांला आवर्जून बोलावले जाते. आम्ही येतो, मुलांना घेऊन येतो, चिखलात उतरतो आणि गोणी भरतो. परंतु ज्या बैठकीत त्या काठावर काँक्रीटचा मार्ग कुठून जाईल, रात्री किती दिवे लागतील, कुंपण कुठे पडेल आणि राडारोडा टाकणाऱ्या ट्रकांना कोण अडवेल हे ठरते, त्या बैठकीत आमच्यासाठी खुर्ची नसते. ज्या घरात सुनेला फक्त ओट्यापुरते बोलावले जाते त्या घराला आपण न्यायी म्हणत नाही. श्रम हवे असतील तर मतही घ्यावे लागेल.

नागरिकांना व्यवस्थापनात घेणे हा पुण्याला नवखा विचारही नाही. 2006 च्या सुमारास महापालिकेने अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेण्याची पद्धत सुरू केली, तेव्हा देशभर तिचे कौतुक झाले. वारज्याच्या टेकडीवर वनविभागाने नागरिक आणि संस्थांना बरोबर घेऊन उजाड जमिनीवर वन उभे केले, आणि केंद्र सरकारने 5 जून 2020 रोजी देशभरासाठी नगर वन योजना जाहीर करताना वारज्याचेच उदाहरण पुढे ठेवले. कायद्याचा आधारही आहे. जैविक विविधता कायद्याच्या कलम 41 नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी लागते आणि लोकांच्या मदतीने जैवविविधतेची नोंदवही तयार करावी लागते. 2009 मध्ये राज्याने महापालिका कायद्यात क्षेत्रसभांची तरतूद केली, जेणेकरून मतदारांना आपल्या भागाच्या कामांवर बोलता यावे. या तरतुदी कागदावर राहू नयेत, यासाठी एका जागेपासून सुरुवात करा आणि ती जागा येरवड्याचा हा काठ असू द्या, अशी माझी विनंती आहे.

पाचवा मुद्दा पुलांच्या नावांचा. काहींना तो किरकोळ वाटेल. मला वाटत नाही. माणूस ज्या जागेला आपल्या तोंडाने नाव देतो, त्या जागेची तो काळजी घेतो, हे मी मुलांमध्ये वारंवार पाहिले आहे. पुण्याच्या पुलांचा इतिहासही हेच सांगतो. पानिपतानंतर, 1761 मध्ये, मुठेवर लाकडी पूल उभा राहिला. पुढे त्या जागी दगडी पूल आला आणि त्याला छत्रपती संभाजी महाराजांचे नाव मिळाले, तरी 'लकडी पूल' हे नाव अजूनही जिवंत आहे आणि गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत ते हजारो तोंडी ऐकू येते. 1923 मध्ये गव्हर्नर लॉइड यांच्या नावाने उघडलेला पूल पुणेकरांनी नवा पूल म्हणून स्वीकारला. त्याचे अधिकृत नाव पुढे शिवाजी पूल झाले, आणि शंभर वर्षांनंतरही जुने लोक त्याला नवा पूलच म्हणतात. आमच्या येरवड्याचा 1860च्या दशकातला दगडी पूल कागदोपत्री गव्हर्नर फिट्झगेराल्ड यांच्या नावाचा, पण बैलगाडीवाल्यापासून साहेबापर्यंत सर्वांनी त्याला बंडगार्डनचा पूल म्हटले. हे नाव शेजारच्या बंधाऱ्यावरून आले, जो सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या मोठ्या आधाराने बांधला गेला होता. पुलाच्या नावात त्याच्या जागेची आठवण राहिली की ते नाव टिकते, हे यावरून दिसते.

थोर स्त्री-पुरुषांची नावे पुलांना देण्यास माझा विरोध नाही, आणि छत्रपती शिवाजी महाराज किंवा संभाजी महाराज यांच्या नावांविषयी या शहरात कोणाच्या मनात आदराखेरीज काही असू शकत नाही. माझी तक्रार पद्धतीविषयी आहे. आज नाव समितीपुढे एखादा प्रस्ताव येतो, ठराव होतो आणि त्या पुलावरून रोज जाणाऱ्यांना ते नाव उद्घाटनाच्या फलकावर प्रथम वाचायला मिळते. एकाच पुलासाठी दोन गट दोन नावे घेऊन समोरासमोर येतात आणि ज्या व्यक्तींचा सन्मान करायचा त्यांच्याच नावाने भांडण होते, हा प्रकार आपल्या राज्यात अनेक शहरांनी अनुभवला आहे. शहरात नवे पूल होतच राहणार आहेत. मेट्रोच्या डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान स्थानकांना पेठांशी जोडण्यासाठी मुठेवर पादचारी पूल हाती घेतले गेले, आणि नदीकाठ विकसित होत जाईल तसे आणखी पूल प्रस्तावित होतील. बंडगार्डन ते मुंढवा या पट्ट्यात असा कोणताही पूल होण्याची वेळ आली, तर प्रथम तो तिथे हवा का आणि त्याचे खांब पाणकणसाच्या बेटात पडणार का, हे रहिवाशांना विचारले जावे. त्यानंतर त्याच सभेत नावाचाही विचार व्हावा. नाव काय असावे यावर माझे मत विचाराल तर मी वाळुंज किंवा चक्रवाक सुचवीन, कारण त्या नावाचा फलक वाचणारे मूल निदान एकदा तरी खाली वाकून नदीकडे पाहील. पण माझे मत हे अनेकांतले एक आहे, आणि मुंढव्याच्या एखाद्या आजीला, केशवनगरच्या एखाद्या कुंभाराला किंवा नदीवर जाळे टाकणाऱ्या एखाद्या भोयाला माझ्यापेक्षा योग्य नाव सुचले तर मी ते आनंदाने म्हणेन.

यावरून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्याच्या परिसराला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळावा, असा ठराव महापालिकेने मुख्य सभेत मंजूर करून शासनाकडे पाठवावा. तो निर्णय होईपर्यंत या परिसरात भराव, पिचिंग, काँक्रीटचा मार्ग आणि नवी दिवाबत्ती ही कामे थांबवावीत. पूररेषा, प्रस्तावित बांधकामे आणि प्रवाहाच्या अभ्यासाचे निष्कर्ष मराठीत, नकाशांसह, क्षेत्रीय कार्यालयांत आणि काठावरच फलकांवर लावावेत.

या पट्ट्यासाठी स्वतंत्र व्यवस्थापन समिती नेमावी आणि तिच्यातील निम्म्या जागा अधिकारी किंवा लोकप्रतिनिधी नसलेल्यांना मिळाव्यात. त्यांत काठच्या वस्त्यांतील रहिवासी, मासेमारी करणारे, पक्षी व वनस्पतींचे अभ्यासक आणि शाळांचे प्रतिनिधी असावेत, आणि महिलांचा वाटा किमान निम्मा असावा. या समितीला सल्ला देण्याबरोबर रोखण्याचाही अधिकार असावा. म्हणजे, उन्हाळ्यात विणीच्या काळात यंत्रे उतरवायची असतील तर तिची लेखी संमती लागावी, आणि साफसफाईचे वार्षिक वेळापत्रक तिनेच ठरवावे. तिच्या बैठका खुल्या असाव्यात आणि इतिवृत्त दर महिन्याला प्रसिद्ध व्हावे. अंदाजपत्रकात तिच्यासाठी स्वतंत्र शीर्षक असावे, कारण पैशाविना दिलेला अधिकार पहिल्याच पावसाळ्यात वाहून जातो. राडारोडा टाकणाऱ्या वाहनांवर रात्रीही कारवाई करता येईल अशी सुरक्षा व्यवस्था याच शीर्षकातून व्हावी.

शहरातील कोणत्याही नव्या पुलाच्या नावाचा प्रस्ताव, तो कोणाकडून आला आणि का, याच्या माहितीसह किमान 60 दिवस जाहीर ठेवावा. दोन्ही काठांवर एकेक सभा घ्यावी, तिथे आलेल्या सर्व सूचना नाव समितीपुढे जशाच्या तशा मांडाव्यात, आणि समितीने वेगळा निर्णय घेतल्यास त्याची कारणे लेखी द्यावीत. पुलाला लोकांच्या बोलण्यात रुळलेले नाव असेल तर ते अधिकृत नावाबरोबर फलकावर असावेच. ही पद्धत एखाद्या परिपत्रकाने न येता सभागृहाच्या ठरावाने यावी, म्हणजे पुढच्या सभागृहालाही ती पाळावी लागेल.

आणि शेवटची मागणी अशी की सांडपाणी शुद्धीकरणाच्या 11 केंद्रांपैकी कोणते केंद्र पूर्ण क्षमतेने चालू आहे, रोज किती पाणी शुद्ध होते आणि किती तसेच नदीत जाते, याची आकडेवारी दर महिन्याला जाहीर व्हावी. ही माहिती मिळत नाही तोपर्यंत काठावरचा खर्च योग्य आहे की नाही हे नागरिक ठरवू शकत नाहीत.

राज्य शासनाने 2020 पासून 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळायला सुरुवात केली. त्यातील पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि शेवटचा डॉ. सालिम अली यांचा. येत्या पक्षी सप्ताहापूर्वी महापौर, आयुक्त आणि या प्रभागातील नगरसेवकांनी, संबंधित अभियंत्यांसह, बंडगार्डनपासून मुंढव्याच्या दिशेने हा काठ नागरिकांबरोबर पायी पाहावा आणि त्या पाहणीनंतर काठावरच पहिली खुली सभा घ्यावी. तिची तारीख किमान 15 दिवस आधी जाहीर करावी, म्हणजे कामावर जाणाऱ्यांनाही रजा काढून येता येईल. माझ्या विद्यार्थ्यांच्या नोंदवह्या मी त्या सभेत समितीच्या उपयोगासाठी सुपूर्द करीन.

या पत्रातील मागण्यांपैकी ज्या मान्य नसतील त्यांची कारणे सभागृहात सांगावीत, ही विनंती.

आपली,
येरवड्यातील एक निवृत्त शिक्षिका